समुद्राचे दोन चमचे: तारापूर, बोईसर आणि मीठ मोजण्याचा इतिहास

हा भाग ऐकणारे बहुतेक जण इअरफोन लावून बसलेत हे मला माहीत आहे. वाचणाऱ्यांसाठी खाली त्याचंच लिखित रूप आहे, थोडं साफसूफ केलेलं. इअरफोनचा विषय मी मुद्दाम काढला, कारण आजच्या गोष्टीची सुरुवात तिथूनच होते. मिठाच्या पाण्यातून वीज किती सहज वाहते हे मोजायची जी पद्धत जगभर रुळली, ती कानानं ऐकायची पद्धत होती.

माणसाचं नाव फ्रीडरिश कोलराउश. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ. काळ १८७० ते १८८० च्या आसपासचा. त्याच्यासमोरचा प्रश्न ऐकायला सोपा होता: पाण्यात मीठ घातलं की त्यातून वीज वाहते, तर मग ती किती वाहते? दोन पत्रे बुडवा, बॅटरी लावा, काटा बघा. झालं की!

पण तसं होत नव्हतं. मिठाच्या पाण्यात वीज वाहते म्हणजे आयन चालतात. धन भार असलेला सोडियम एकीकडे, ऋण भार असलेला क्लोराइड दुसरीकडे. बॅटरी लावून ठेवली की हे आयन आपापल्या पत्र्यापाशी गर्दी करतात, बुडबुडे धरतात आणि आकडा घसरत जातो. म्हणजे मोजायला गेलात की जी गोष्ट मोजायची तीच बदलते. कोलराउशनं उपाय काढला तो प्रवाहाची दिशा सतत उलटसुलट करायचा. आयन पत्र्यापाशी पोचायच्या आत त्यांना माघारी फिरवायचं. गर्दीच होऊ द्यायची नाही.

आता अडचण अशी, की इतक्या भराभर उलटणाऱ्या प्रवाहाला त्या काळच्या साध्या यंत्राचा काटा दाद देत नव्हता. आणि नेमकं १८७६ मध्ये ग्रॅहम बेलनं टेलिफोनचं पेटंट घेतलं होतं. टेलिफोनला असा प्रवाह दिला की तो गुणगुणतो. कोलराउशनं तोच जोडला. एका बाजूला मिठाचं पाणी, दुसऱ्या बाजूला माहीत असलेला रोध. रोध कमी-जास्त करत जायचं, कानाला टेलिफोन लावून. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की आवाज विरतो. त्या शांततेच्या जागी उत्तर असायचं.

यातून दोन मोठ्या गोष्टी निघाल्या. एक, पातळ द्रावणात प्रत्येक आयन आपला वाटा स्वतंत्रपणे उचलतो. सोडियमची चाल वेगळी, पोटॅशियमची वेगळी. दुसरी, अशा मोजण्यांच्या आधारावर स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियसनं १८८४ मध्ये आपल्या प्रबंधात मांडलं, की मीठ पाण्यात विरघळल्यावर आपोआप आयनांत फुटतं. परीक्षकांना ते पटलं नाही, त्याला अगदी खालचा दर्जा मिळाला. १९०३ मध्ये याच कामाला नोबेल मिळालं. ज्यांचा इंजिनिअरिंगचा प्रोजेक्ट एक्सटर्नलनं झोपवला असेल, त्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

पण आजचा भाग जर्मनीचा किंवा स्वीडनचा नाही, आपल्या पालघरचा आहे. मी सॉफ्टवेअरवाला. बीटेकच्या पहिल्या वर्षाला केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलमध्ये कंडक्टिव्हिटी मीटर हाताळला, जर्नलवर सही घेतली आणि विषय सोडला. पुढे सर्व्हरचे लॉग बघता बघता एक सवय लागली: आकडा दिसला की आधी विचारायचं, एरवी किती असतो? तो प्रश्न घेऊन आपल्या किनाऱ्याकडे पाहिलं, तेव्हा कळलं की बोईसर-तारापूरच्या थोड्याशा पट्ट्यात या मोजणीची अख्खी कहाणी पसरलेली आहे.

मिठागरातली मोजणी

मीठ आणि इतिहास म्हटलं की आपल्याला १९३० चा सत्याग्रह आठवतो. तो आज बाजूला ठेवू. वसई, नायगाव, भाईंदर या पट्ट्यात पिढ्यानपिढ्या मीठ पिकतं. हो, आपल्याकडे मीठ ‘पिकतं’. आगर म्हणजे मिठागर, आणि आगरी हे नावही त्याच शब्दाशी जोडलेलं.

मिठागरात भरतीचं पाणी घेतात, एका वाफ्यातून दुसऱ्यात नेत उन्हानं आटवतात. ते किती घट्ट झालं हे बघायला काचेची तरंगती नळी असते. पाणी जितकं खारं, तितकी ती वर तरंगते. तिच्यावरच्या खुणा म्हणजे बोमे अंश, १७६८ मध्ये आंत्वान बोमे या फ्रेंच औषधनिर्मात्यानं आखलेले. समुद्राचं पाणी साधारण ३ अंशांच्या आसपास असतं. आटवत नेलं की आधी जिप्सम खाली बसतं. २५ अंशांच्या आसपास आपलं खायचं मीठ धरू लागतं. ३० च्या जवळ गेलं की उरलेलं पाणी काढून टाकतात, कारण त्यापुढे मॅग्नेशियमचे क्षार वाढतात आणि मीठ कडवट होतं.

नळी सांगते ते ‘एकूण किती’. पण मिठागरातल्या माणसाला त्यावरून ‘कोणतं’ हेही कळतं, कारण कोणता क्षार कधी खाली बसतो याचा क्रम त्याला पाठ असतो. एकूण किती आणि त्यात कोणतं, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. आजचा सगळा भाग या दोन प्रश्नांमधल्या अंतरावर उभा आहे.

अणुभट्टीतलं पाणी

आता तारापूर. ऑगस्ट १९६३ मध्ये भारत आणि अमेरिकेचा करार झाला, जनरल इलेक्ट्रिकनं अणुभट्ट्या पुरवल्या आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये तारापूरच्या पहिल्या दोन युनिट्समधून व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र. १९ जानेवारी १९७० ला इंदिरा गांधींनी ते राष्ट्राला अर्पण केलं. पुढे २००५ आणि २००६ मध्ये ५४० मेगावॅटची दोन युनिट्स आली आणि त्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली.

पहिली दोन युनिट्स उकळत्या पाण्याच्या अणुभट्टीची. म्हणजे इंधनाच्या कांड्यांभोवतीचं पाणीच उकळतं, त्याची वाफ टर्बाइन फिरवते. मग ती वाफ थंड करून पुन्हा पाणी करायची आणि परत आत पाठवायची. थंड करायला लागतं भरपूर गार पाणी, आणि ते समोरच आहे, अरबी समुद्रात.

कंडेन्सरमध्ये हजारो बारीक नळ्या असतात. नळ्यांच्या आतून समुद्र वाहतो, बाहेरून वाफ येऊन थंड होते. दोघांमध्ये धातूची पातळ भिंत. वाफेच्या बाजूला निर्वात, म्हणजे एखाद्या नळीला केसाएवढी चीर गेली तर समुद्र आत ओढला जातो. त्यातला क्लोराइड तापलेल्या स्टेनलेस स्टीलचा वैरी. ताणाखाली असलेल्या पोलादाला तो आतून भेगा पाडू शकतो.

मग ती चीर कळणार कशी? कोलराउशच्या युक्तीनं. पाण्यात दोन इलेक्ट्रोड, उलटसुलट प्रवाह आणि वाहकतेचा आकडा. फक्त टेलिफोनची जागा इलेक्ट्रॉनिक्सनं घेतलेली.

आता आकडे बघा. अगदी शुद्ध पाण्याची वाहकता २५ अंश सेल्सिअसला ०.०५५ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर. (शुद्ध पाणी जवळजवळ किती कमी वीज वाहतं हेही कोलराउशनंच १८९४ मध्ये हायडवायलरबरोबर दाखवलं होतं, पाणी पुन्हा पुन्हा शुद्ध करून.) समुद्राच्या पाण्याची वाहकता ५० हजारांच्या आसपास. म्हणजे जवळजवळ १० लाख पट! मी कागदावर हिशोब केला. आपल्या सोसायटीत येतो तसा १० हजार लिटरचा टँकर घ्या, तो अतिशुद्ध पाण्यानं भरा आणि त्यात समुद्राचं पाणी १० मिलिलिटर, म्हणजे छोटे दोन चमचे टाका. वाहकता दुपटीहून वर जाईल. मीटर लगेच ओरडेल.

दोन चमचे समुद्र टँकरभर पाण्यात लपू शकत नाही. वाहकता मोजण्याचं सगळं सामर्थ्य या एका वाक्यात आहे.

तोच मीटर नवापूरला

आता तिथून थोडं चालत या. बोईसरला एमआयडीसी आहे, औषधं, रसायनं, रंग, कापड, पोलाद असं सगळं. तिथलं सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रात जातं आणि तिथून पाइपलाइननं नवापूरच्या समुद्रात. २०१८ च्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषण निर्देशांकात देशातल्या औद्योगिक पट्ट्यांमध्ये तारापूर सगळ्यात वर होतं. त्याआधी, २०१६ मध्ये, अखिल भारतीय मांगेला समाज परिषद हरित लवादाकडे गेली होती. मांगेला म्हणजे या किनाऱ्यावरचे मासेमार. जानेवारी २०२२ मध्ये लवादानं उद्योगांवर आणि प्रक्रिया केंद्रावर कोट्यवधींची पर्यावरण भरपाई आकारली.

आता कल्पना करा, अणुभट्टीतला तो तिखट कानाचा मीटर आपण नवापूरच्या पाण्यात धरला. समुद्राचा आकडा ५० हजार. समजा, आत येणाऱ्या सांडपाण्याचा ५ हजार. दोन्ही मिसळले की आकडा वर जाईल की खाली?

खाली. मीटर सांगेल की पाणी जरा गोडं झालं. पाऊस पडल्यावर किंवा खाडीतून नदीचं पाणी आल्यावर जसं होतं, अगदी तसंच. सांडपाण्यात जस्त आहे की शिसं, की अमोनिया, मीटरला काही पडलेली नाही. तो सगळ्या आयनांची एकत्र बेरीज सांगतो, आणि त्या बेरजेत सोडियम-क्लोराइडचा आवाज इतका मोठा असतो की बाकी कुणाचं ऐकूच येत नाही.

घरातला टीडीएस मीटरही याच वंशातला. तो वाहकताच मोजतो आणि तिला एका ठरावीक आकड्यानं गुणून ‘पीपीएम’ दाखवतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. पण ३०० आकडा आला म्हणजे पाणी सुरक्षित, असं मीटर म्हणत नाही. तीनशेमध्ये कॅल्शियम किती आणि शिसं किती, हे त्याला माहीतच नसतं. बोरिंगचं पाणी पिणाऱ्या घरांत हा फरक नुसता पुस्तकी राहत नाही.

म्हणजे यंत्र तेच, समुद्र तोच. अणुभट्टीत दोन चमचे समुद्र पकडणारा मीटर समुद्रात टँकरभर सांडपाणी पकडू शकत नाही. कारण आकड्याला अर्थ येतो तो त्याच्यामागच्या ‘एरवी किती’मुळे.

थेंबात मावणारी प्रयोगशाळा

‘कोणतं’ या प्रश्नाला विजेनं उत्तर द्यायचा रस्ता १९२२ मध्ये प्रागमध्ये सापडला. यारोस्लाव हेरोव्हस्की बारीक काचनळीतून पाऱ्याचे थेंब सोडत होता आणि थेंबावरचा विद्युतदाब हळूहळू बदलत होता. द्रावणातला प्रत्येक धातू आपापल्या ठरावीक दाबाला प्रतिक्रिया देतो. दाब सांगतो कोणता धातू, प्रवाह सांगतो किती. १९५९ मध्ये त्याला नोबेल मिळालं. यातूनच पुढे अशी पद्धत आली की धातू आधी काही वेळ इलेक्ट्रोडवर गोळा करायचा आणि मग एकदम सोडवून घ्यायचा. त्यामुळे अब्जात काही भाग इतकं शिसंही दिसतं.

दुसरा रस्ता आकार लहान करण्याचा. १९५३ मध्ये अमेरिकेत वॉलेस कोल्टरला पेटंट मिळालं: मिठाच्या पाण्यात रक्तपेशी सोडायच्या आणि त्यांना अगदी बारीक छिद्रातून जाऊ द्यायचं. पेशी छिद्रात आली की तेवढा क्षण वीज अडते. जितके अडथळे, तितक्या पेशी. आपण डेंग्यूच्या सीझनमध्ये सीबीसी करतो, त्यातले प्लेटलेट मोजायचं मूळ तंत्र हेच. १९९० मध्ये आंद्रेआस मान्झ आणि सहकाऱ्यांनी कल्पना मांडली की अख्खी रासायनिक तपासणी, नमुना घेण्यापासून निकालापर्यंत, एका चिपवर बसवता येईल. १९९२ मध्ये आय-स्टॅट नावाचं हातात मावणारं यंत्र बाजारात आलं. दोन-तीन थेंब रक्त एका कार्ट्रिजमध्ये घालायचं, आतल्या बारीक वाहिनीतून ते चिपवरच्या इलेक्ट्रोडांवर जातं आणि सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड वेगवेगळे कळतात. रक्त म्हणजे तरी काय, आयनांच्या दृष्टीनं खारट पाणीच.

या बारीक वाहिन्या म्हणजे मायक्रोफ्लुइडिक्स. रुंदी साधारण केसाएवढी. तिथं पाणी आपल्या ओळखीचं वागत नाही. मोठ्या नळीत ते घुसळतं, इथं दोन प्रवाह शेजारी शेजारी न मिसळता सरकतात, लोकल ट्रॅक आणि फास्ट ट्रॅकसारखे. मिसळण होते ती फक्त आयन स्वतःहून सरकतात तेवढीच. आणि इथं अंतराचा वर्ग होतो. मिठाच्या आयनाला १ सेंटिमीटर सरकायला साधारण ९ तास लागतात, पण त्याच्या शंभराव्या भागाला, म्हणजे केसाएवढ्या अंतराला, ३-४ सेकंद. म्हणून थेंबभर पाण्यात मिनिटांत उत्तर मिळतं.

अर्थात फुकट काही मिळत नाही. वाहिनी इतकी अरुंद की भिंती जवळ येतात, आणि भिंतींवरही विद्युतभार असतो. भिंतीपाशी आयनांची एक झालर तयार होते. समुद्राच्या पाण्यात ती अर्ध्या नॅनोमीटरहून कमी जाड, अगदी शुद्ध पाण्यात मात्र जवळजवळ एक मायक्रोमीटर. म्हणजे पातळ द्रावण मोजताना तुम्ही पाण्याबरोबर भिंतही मोजत असता. शिवाय समुद्रात ठेवलेल्या इलेक्ट्रोडवर शेवाळ आणि चिकटा धरतो, आकडा हळूहळू ढळतो, पुन्हा पुन्हा ज्ञात द्रावण देऊन तो जागेवर आणावा लागतो. नायट्रेट ओळखणाऱ्या इलेक्ट्रोडला समुद्राचा क्लोराइड चकवतो. चिप म्हणजे जादू नाही, तिलाही वर्षभर निगा लागते.

पण एक गोष्ट मला फार आवडली. धातू शोधायच्या त्या विजेच्या पद्धतीला द्रावणातून वीज नीट वाहावी लागते, म्हणून प्रयोगशाळेत नमुन्यात मुद्दाम क्षार घालतात. समुद्राच्या पाण्यात तो आधीच असतो. ज्या मिठानं वाहकतेचा मीटर बहिरा केला, तेच मीठ इथं शिसं आणि कॅडमियम शोधायला मदत करतं. फक्त प्रश्न बदलावा लागला, ‘एकूण किती’ऐवजी ‘कोणतं’.

आकडा कुणाच्या हातात

आता माझ्या क्षेत्रात येतो. २०१४ मध्ये केंद्रीय मंडळानं सर्वाधिक प्रदूषणकारी अशा १७ प्रकारच्या उद्योगांना सांडपाण्यावर चोवीस तास चालणारी ऑनलाइन मोजयंत्रं बसवायला सांगितलं. चांगली गोष्ट आहे. पण ते यंत्र बसतं कारखान्याच्या नळीच्या तोंडाशी. मासेमार जिथं जाळं टाकतो तिथं नाही. आणि सर्व्हरचे लॉग वाचणारा कोणीही सांगेल, की बिघाड शोधायचा तर लॉग दोन्ही टोकांचे लागतात.

मग मासेमाराच्या हातात चिप आणि मोबाइल दिला की झालं? इथं कायदा वाचावा लागतो. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २१ नुसार नमुना घेताना उद्योगाला नोटीस द्यायची, पद्धतीप्रमाणे भाग करून सीलबंद करायचं आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचं. ही रीत पाळली नाही तर तो निकाल कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. नियम अन्यायाचा नाही, उद्योगावर खोटा आळ येऊ नये म्हणून आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की रात्री दोनला पाण्याचा रंग बदलला आणि सकाळी अकराला अधिकारी आले, तर बाटलीत सकाळचं पाणी जातं. रात्रीचं ओहोटीबरोबर निघून गेलेलं असतं.

म्हणून माझ्या मते चिपचं खरं काम कोर्टात जिंकायचं नाहीच. तिचं काम आहे वेळ सांगणं. नवापूर, आलेवाडी, सातपाटी इथं वर्षभर दर तासाला तोच धातू, तोच अमोनिया मोजला, तर भरतीला किती, ओहोटीला किती, पावसाळ्यात किती, याचा एक ‘एरवी’ तयार होईल. तो ‘एरवी’ हातात असला की अमुक रात्री काहीतरी वेगळं झालं असं म्हणता येतं, आणि सीलबंद बाटली नेमकी कधी भरायची हे अधिकाऱ्यांना सांगता येतं. अणुभट्टीला हा ‘एरवी’ ०.०५५ च्या रूपात निसर्गानं आयता दिला होता. किनाऱ्याला तो कमवावा लागेल, एकेका आकड्यानं.

तुमच्यापैकी कुणी डहाणू लोकलनं बोईसरला उतरत असेल, कंपनीच्या लॅबमध्ये कंडक्टिव्हिटी मीटर रोज हाताळत असेल, किंवा घरात जाळी विणणारे काका-मामा असतील, तर त्यांना एक विचारून बघा: पाणी बिघडलंय हे तुम्हाला पहिल्यांदा कशावरून कळतं? रंगावरून, वासावरून की जाळ्यात काय येत नाही यावरून? उत्तर व्हॉइस नोटनं पाठवा. मोजणीच्या या इतिहासात त्यांची निरीक्षणं अजून कुणी तारीखवार लिहून ठेवलेली नाहीत, पुढचा भाग आपण त्यांच्यावरच करू.